उन्हात भोंगा

— सायकल उभी कर म्हटलं ना! नदी कुठं पळून जात नाही. पाणी प्यायलास, आता ढिकरी खा. तांदळाच्या पिठाची आहे, वाफवलेली, विष नाही. आणि पातेली दाखवू नकोस, मला नकोत — घरातली आहेत तीच पोचे पडून माझ्यासारखी दिसायला लागलीत. घेणार काही नाही आणि जाऊही देणार नाही, असं गिऱ्हाईक भेटलंय तुला आज. बस.

वर काय बघतोस? तो होय — भोंगा आहे. दांडा गरागरा फिरवला की पार नदीपलीकडं ऐकू जातो. पूर यायचा असला की वाजवायचा, मग गावानं शाळेमागच्या उंच ओट्यावर चढायचं. गावानं तो माझ्याकडं दिला. माझ्याकडंच का? मला वाटलं, चार बुकं शिकलेय, मोबाइलवर येणारा पुराच्या इशाऱ्याचा मेसेज वाचता येतो, म्हणून. तर आमचा बडघर — गावाचा पुढारी, थागुराम — सगळ्यांदेखत म्हणाला, "लौटनी, भोंगा बिघडलाच तर तुझा गळा आहे की!" हसले सगळे. मीही हसले. इतक्या मोठ्यानं हसले की त्याचंच खरं ठरलं.

गेल्या साली काय झालं, ठाऊक नसेल तुला, तू पलीकडचा. लावणी संपल्याचं गावजेवण होतं. डुकराचं मटण शिजलेलं, जाँडची, म्हणजे तांदळाच्या दारूची, मडकी भरलेली, ढोल वाजत होता. वर डोंगरात गडगडलं, मेसेज आला — आणि ही बया उठली, पदर खोचला, भोंगा फिरवला. फिरवला म्हणजे काय, खांद्यातून हात निखळेपर्यंत! सगळं गाव ओट्यावर. थागुरामची म्हातारी आई टोपल्यात बसून, शिव्या देत. आणि पाऊस? पडला की, चांगला धो धो पडला — डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. पाणी गेलं दुसऱ्याच नदीला. आमच्या इथं बेडकाचे पायसुद्धा ओले झाले नाहीत. खाली येऊन बघतो तर मटण कुत्र्यांनी संपवलेलं. तेव्हापासून मी लौटनी नाही, भोंगामाय. पोरंटोरं दारावरून जाताना तोंडानं भोंगा वाजवतात. माझी सून, झुमनी, ती तर गाल फुगवून, कमरेत वाकून असा काही दांडा फिरवते — मलाच हसू फुटतं, इतकी हुबेहूब करते मेली.

कुठं उठलास? बस खाली! गुडघाभर पाणी आहे ते मलाही दिसतं. रोज उतरतोस तेही ठाऊक आहे. पण डोंगराकडं बघ की जरा — काजळीचं भांडं पालथं घातल्यासारखं झालंय. इथं ऊन आहे म्हणून काय झालं? पाणी तिथून येतं, तुझ्या डोक्यावरून नाही येत. आणि मेसेज काय उगाच आला का आज — हो, आला. कधी? मघाशी. म्हणजे... जेवायच्या वेळी. काय लिहिलंय? "डोंगरपायथ्याला आणि मैदानात मेघगर्जनेसह मुसळधार पाऊस, पूर येऊ शकतो." येऊ शकतो! अरे, येतो म्हणा नाहीतर येत नाही म्हणा! तशी मी राणीपण होऊ शकते. म्हणून म्हटलं, दुसरा मेसेज येऊ दे. मग भांडी घासली. मग कोंबड्या कोंडल्या. मग ढिकरी करायला बसले — कोण खाणार होतं एवढ्या ढिकऱ्या? मग तू आलास.

काय म्हणालास?

त्या होय. त्या बायका... नदीकाठच्या खाचरात लावणी चाललीय. पोरं तिथंच डुंबतायत, कालवणाला घोंघ्या, गोगलगायी वेचतायत. झुमनी आहे ना, ती हिरव्या पदराची. त्यांना सांगितलं का म्हणून विचारतोस? त्यांना काय — त्या काय लहान आहेत? त्यांना दिसत नाही डोंगर? वाकलेल्या माणसाला डोंगर दिसत नाही, खरंय तुझं. थागुरामलाही फोन गेला असेल की, तो ओरडेल, असं वाटलं. कुणीतरी ओरडेल, असं वाटलं. तुला अडवलं कारण तू — तू मला ओळखत नाहीस, बाबा. तू हसला नसतास.

असा बघू नकोस माझ्याकडं.

वारा फिरला. लागतोय? गार, चिखलाच्या वासाचा. हा डोंगरातला आहे. सरक — सरक बाजूला, त्या स्टुलावरून ऊठ, मला वर चढू दे! गुडघे बघ कसे कुरकुरतात, म्हातारी झाले नुसती बसून. धरायला येऊ नकोस, पडले तर माझी मी पडेन. ती सायकल टाक इथंच, पातेल्यांना कोणी खात नाही. शाळेमागं ओटा आहे, पळ तिकडं. हसू देत मेल्यांना. वर बसून हसू देत. जा म्हटलं ना! — आणि कानावर हात ठेव.