न्हाव्याच्या केशवाहिन्या

...अहो, हसताय काय! तुम्ही बसून केस कापून घेता, मी उभा राहून कापतो. दिवेलागणीपर्यंत पाय असे सुजायचे, असे सुजायचे, की चपलेत शिरायला तयार नाहीत! पोटऱ्यांवर जांभळ्या शिरांचं जाळं... आता दुकान बंद करून या वयात काय टोपल्या विणू? आणि तुम्हाला सांगतो, पाय माझे, पण बोलणार सगळे! मानेवर वस्तरा असतानासुद्धा गिऱ्हाईक बोलतंच, "मिठाच्या पाण्यात बुडवा." दुसरा म्हणतो, "बुडवू नका, झोपताना वर टांगा." टांगा? मी काय वटवाघूळ आहे?

शेवटी आमच्या हिनं हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. त्यानं घोट्यापाशी बोट दाबलं, खड्डा पडला, आणि त्या खड्ड्याकडेच बघत म्हणाला, "काका, तुमच्या केशवाहिन्या झिरपतायत." म्हटलं, डॉक्टर, केस मी रोजच्या रोज झाडतो, एक वाहून जाऊ देत नाही! त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या! त्यांतून पाणी पाझरतं, म्हणून सूज. या गोळ्यांत फ्लेव्होनॉइड आहेत, संत्र्या-लिंबाच्या सालीत असतात तसे. पाझरणं कमी होईल." "आणि शिरा जातील?" "शिरा नाही जाणार. पाय हलके वाटतील... बहुतेक. तेही सावकाश. आणि अधूनमधून बसत जा." इतकं खरं बोलणारा डॉक्टर असू नये हो, माणूस खचतो!

ही बातमी मेव्हण्याला कळली. म्हणजे पाय माझे, पण बोलणार सगळे! "दाजी, सालीतच औषध आहे तर गोळ्या कशाला?" म्हणत गाढवानं पिशवीभर संत्र्याच्या साली आणल्या. एक चावली मी... तोंड असं वाकडं झालं, की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला वाटलं, मी त्याच्या टकलाला हसतोय! गेला ना अर्धी दाढी ठेवून!

मग मुकाट गोळ्या घेतल्या, मधूनमधून बसलो, आणि महिना-दोन महिन्यांनी खरंच सूज उतरली की! लगेच मेव्हणा म्हणे, "बघा, सालीचा गुण!" मीठवाला म्हणे, "मीठ!" पाय माझे, पण बरे केले सगळ्यांनी!

मी हिला घेऊन ऐटीत डॉक्टरला पाय दाखवायला गेलो, तर त्याचं लक्ष हिच्याकडे. ही आपली बाकाखाली पाय ओढून घेतेय. "काकू, पाय पुढे करा." दाबलं त्यानं... खड्डा माझ्यापेक्षा खोल! "कधीपासून हे?" ही म्हणाली, "ओट्याशी उभी राहायला लागले तेव्हापासून." "मग बोलला का नाहीत?" "यांचे पाय दुखत होते ना. घरात एका वेळी एकच पेशंट झेपतो."

डोक्यावरच्या सगळ्या बटा दिसतात मला, शेजारचे पाय नाही दिसले...

आता गोळ्या ती घेते. उशीवर पाय टाकून आतून हाक मारते, "अहो, भाजी लागतेय, ढवळा!" म्हटलं, अगं, दिवसभर उभाच होतो! तर म्हणते, "डॉक्टरांनीच सांगितलंय ना, तुमचे पाय आता हलके झालेत म्हणून?"

बरे होण्याची घाई करू नका, एवढंच सांगतो.