जुन्या डिस्क

आईच्या मृत्यूचा दाखला घ्यायला मी रांगेत उभी होते. पुढे एक बहीण-भाऊ होते. तेही त्यांच्या आईच्याच दाखल्यासाठी आले होते.

“ताई, आपली ती मराठीत डब केलेली जुनी जपानी ॲनिमे मालिका होती ना, तिची नवी आवृत्ती आणलीय पोरांसाठी. चित्र एकदम लख्ख. आवाजही सगळे नव्याने भरलेत.”

“आणि जुन्या डिस्क?”

“काल भंगारात दिल्या.”

“सगळ्या?”

“हो. अशी काय बघतेस?”

“त्यातली चेटकीण आठवते?”

“न आठवायला काय झालं? ती हसली की मी पलंगाखाली.”

“तो आवाज आईचा होता.”

“काहीतरीच काय?”

“दुपारी शिवणवर्गाला म्हणून जायची ना, ती स्टुडिओत आवाज द्यायला जायची.”

“मग मला कुणी कसं सांगितलं नाही?”

“तू तिलाच घाबरायला लागशील, म्हणून मला शपथ घातली होती.”

“अगं, पण पलंगाखालून निघून मी तिच्याच कुशीत शिरायचो.”

“माहितेय.”

“नव्या आवृत्तीत कोणीतरी दुसरीच हसते, ताई.”

“हसणारच.”

“तू थांब रांगेत. मी भंगारवाल्याकडे जाऊन येतो.”

“मीही येते. दाखला काय, उद्याही मिळेल.”