दानपेटीची किल्ली

…आणि वर मलाच विचारतात, "सोमादादा, लक्ष कुठं होतं तुमचं?" लक्ष कुठं होतं! तुम्हाला सांगतो, कुलुपं बनवण्यात जन्म गेला माझा. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये कुणालाही विचारा. माझं कुलूप दुरुस्तीला परत येत नाही. एकदा केलं ते केलं! आपल्या विहाराच्या दानपेटीला कुलूप कुणाचं? माझं. किल्ली कुठं? माझ्या कमरेला. कमिटीनं विश्वासानं दिलेली. इज्जत होती हो माझी ती!

मग आमचे जावई, धम्मदीप. बदलापूरचे, कॉम्प्युटरमधले. "बाबा, दुकान इंटरनेटवर टाकू. अमेरिकेतून ऑर्डरी येतील." टाका म्हटलं. टाकलं. वर पाटी, 'सोमा कुलूपवाले, विश्वासाचं नाव', खाली कुलुपांचे फोटो… पहिली ऑर्डर पलीकडच्या जांभूळ गावची. अमेरिका नव्हे, पण सुरुवात म्हणून ठीक.

थोडे दिवस गेले नाहीत तोच स्वारी दारात. "बाबा, अपडेट करायला हवं. दुकानाचं सॉफ्टवेअर जुनं झालं." जुनं झालं? इतक्यात? सॉफ्टवेअर आहे का कोथिंबीर? म्हटलं, एकदा केलं ते केलं! तर म्हणे, होस्टिंगवालेही मागे लागलेत… होस्टिंग म्हणजे, आपलं दुकान ज्या गाळ्यात असतं ना, तो गाळा, फक्त दिसत नाही… तर ते सांगतात, जुनं ठेवलं तर चोर शिरतील. चोर? कुलूपवाल्याच्या दुकानात? मी हसलो हो! ठणकावलं, कुणी हात लावायचा नाही. जावई आले तसे गेले.

मग एके सकाळी लछूशेठ, शेजारचा चपलांच्या दुकानवाला सिंधी, डोळा मारत आला. "साईं, इस उमर में ये धंधा? अपने को भी एक डब्बी देना ना!" कसली डब्बी? त्यानं कॉम्प्युटर दाखवला. अहो… पाटी माझी, नाव माझं, 'विश्वासाचं' तेही माझंच, आणि कुलुपावर दाबलं की गोळ्या! पुरुषांच्या! शेजारी एक उघडा गोरा दात काढून हसतोय, त्याच्या गळ्यात एक बाई, आणि माझ्या पाठीमागं कोण? भिमाबाई! आमची बायको! म्हणते कशी, "इतकी वर्षं कुठं होत्या ह्या गोळ्या?"

संध्याकाळी होस्टिंगवाल्यांनी शटर ओढलं. वर निरोप, "आम्ही कळवलं होतं." पण तोवर अख्ख्या कॅम्पानं बघितलं होतं ना!

रविवारी कमिटी बसली. अध्यक्ष किसन. माझ्याच हाताखाली कानस धरायला शिकलेला! "जय भीम, सोमादादा. दानपेटीची किल्ली जरा समोर ठेवा." सोडली कमरेची, ठेवली समोर. तेवढ्यात जावई उभे राहिले. वाटलं, घरचा माणूस, वाचवतोय! आणि बोलले पण काय झकास! "बाबांनी काही केलेलं नाही. चोर शिरले. कुलूप कितीही चांगलं असो, जुनं झालं की चोरांना पाठ होतं. म्हणून वेळच्या वेळी बदलायचं असतं." सगळ्यांच्या माना हलल्या. माझी पण! किसन म्हणाला, "मग दादांवर डाग नाही." मी किल्लीकडं हात नेला…

किसननंच अडवलं. "थांबा दादा. ह्या पेटीचं कुलूप कधी बदललं होतं हो?"

दगा! इंटरनेटच्या चोरांनी नाही केला तो घरच्या जावयानं केला! आता पेटीला कंपनीचं कुलूप. किल्ली? जावयाकडे! "त्यांना त्यातलं कळतं," म्हणे किसन. माझं कुलूप भिमाबाईनं साखरेच्या डब्याला लावलंय, मला साखर बंद आहे म्हणून. तिथली किल्लीसुद्धा तिच्याकडे!

दुकान पुन्हा उघडलंय. परवा जावयाचा फोन. "बाबा, अपडेट आलंय. करू?" मी कमर चाचपली. रिकामी. म्हटलं, करा. एकदा केलं ते… उद्या परत करा.