कार्डावर सुनेचं नाव

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या बँकेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ आणि एक तरुण बाई उभी होती.

"माझ्या क्रेडिट कार्डावर हिचंही नाव घालायचंय. यूफेनचं."

"नातं काय, आजोबा?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"सून."

"बाबा, पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे."

"म्हणून काय झालं? माझी औषधं तूच आणतेस ना, पदरचे पैसे घालून."

"मला कळलं नाही. यांचे मिस्टर?"

"माझा मुलगा. तो वारला."

"मग दुसऱ्या लग्नानंतर यांना सून धरायचं का? थांबा, साहेबांना विचारते."

ती आत गेली.

"यूफेन, साहेब नाही म्हणाले तर?"

"तर राहू द्या, बाबा."

"आणि लग्नात मी कुठल्या टेबलावर बसायचं?"

"मुलीकडच्या. माझ्या आईशेजारी तुमची खुर्ची आहे."