बाबांच्या आवाजातली फेज

सिग्नल प्रोसेसिंग शिकवतो म्हणून तुम्ही मला हुशार समजता ना? मग हे ऐका. मी केंब्रिजला पीएचडी करत होतो, तेव्हा बाबा गेले. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती. आईने ती लीड्सहून पाठवली आणि फोनवर म्हणाली, "त्यातली टेपची घरघर तेवढी काढून दे रे."

मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि कॅसेट बाहेर काढताना जुनी टेप प्लेयरमध्ये अडकून तुटली. म्हटलं, फाइल तर आहे! घरघर काढली आणि फाइल त्याच नावाने, मूळ फाइलवरच सेव्ह केली. वाजवली, तर नुसता गोंगाट.

लॅबमधल्या हेलनने माझा कोड बघितला. "तू फक्त मॅग्निट्यूड ठेवलंयस. फेज कुठाय?"

"उडवली."

"मग आवाज गेला."

कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे, ते मॅग्निट्यूड सांगतं. त्या सगळ्या एकमेकींशी कशा जुळतात, ते फेज सांगते. बाबांची प्रत्येक फ्रिक्वेन्सी फाइलमध्ये होती, पण शब्द एकही उरला नव्हता.

लीड्सला जाऊन आईला खरं सांगितलं. तरी तिने हेडफोन लावले आणि ऐकत राहिली.

"आई, बंद कर ना. त्यात काहीच कळत नाही."

"स्ट्रोकनंतर असंच बोलायचे," ती म्हणाली. "पंधरा दिवस मला काहीतरी सांगत होते. तेव्हाही नाही कळलं."