कोयत्याच्या हातांचा किडा

शिंपीणबाईंना आपलं शिवणाचं दुकान उघडायची घाई होती. पण दुरुस्तीवाल्या पोराकडच्या रांगेत त्यांच्या पुढच्या गृहस्थांनी व्हिडिओ गेम खेळायची दोन जुनी यंत्रं काउंटरवर मांडली.

“काका, याचा सेल संपत आलाय. बदलला तर आतलं सगळं पुसलं जाईल,” पोरगा म्हणाला.

“मग नको बदलू. लेकीचा खेळातला किडा आहे त्यात. हिरवा, हातांच्या जागी कोयते, वाऱ्यासारखा पळणारा.”

“त्याला वायरनं या दुसऱ्यात पाठवू. फक्त या खेळात असा किडा दुसऱ्याच्या यंत्रात गेला की रूप बदलतो, तो लाल, पोलादी होईल. तिनं तशी तयारी करून ठेवलीय. पलीकडून घेणारं कुणी भेटलं नाही वाटतं?”

“हे दुसरं माझंच. तिनंच हट्टानं घ्यायला लावलं. रोज म्हणायची, बाबा, बसा ना जरा. मी म्हणायचो, रविवारी.”

“मग तिलाच आणा की. तिच्या हातनं होऊ दे.”

“ती गेली रे. मार्चमध्ये.”

पोरानं दोन्ही यंत्रांना वायर जोडली आणि पहिल्याच्या पडद्यावर वाकला.

“काय झालं?”

“किड्याचं नाव दिसतंय इथं. ‘बाबा’.”

“हो. तोही सारखा घाईत असतो, म्हणायची.”

“हे धरा, काका. पलीकडून तुम्ही ‘हो’ दाबायचं.”

“नको, मागं लोक खोळंबलेत. नंतर येतो.”

“बसा हो, भाऊ,” शिंपीणबाई म्हणाल्या. “मला काही घाई नाही.”