निळा खडू आणि कोरं कापड

मंडळी, ऐका. इचलकरंजीत एक मागाचा कारखाना. त्याच्या कोपऱ्यात एक टेबल. टेबलावर काय होतं? एक कॅमेरा. दोन दिवे. एक लॅपटॉप, झाकणाला तडा गेलेला. आणि कापडाचे बारा तुकडे, एकावर एक रचलेले. टेबलामागे दोन खुर्च्या, खुर्च्यांवर दोन मित्र. संपली मोजदाद. एवढ्याला ते दोघं कंपनी म्हणत होते. हसू नका, अशा कंपन्या अशाच सुरू होतात.

आता माझा प्रश्न. तुमच्या हातून चूक झाली. ती कुणाला दिसलेली नाही. उलट त्या चुकीमुळेच लोक तुमची पाठ थोपटताहेत. अशी चूक सांगायची की नाही? — लगेच माना हलवू नका. देवळात सगळेच माना हलवतात.

त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर सन्मती चौगुले. आज हा सन्मती दुसऱ्यांच्या नव्या कंपन्यांत भांडवल घालतो. पोरं-पोरी मोठमोठे आराखडे घेऊन त्याच्या दारात येतात. आमचं यंत्र असं, आमचं यंत्र तसं! हा सगळं ऐकून घेतो, चहा पाजतो आणि एकच विचारतो, "तुमचं यंत्र कुठं चुकतं, ते सांगा." निम्मे तिथंच चहा अर्धा टाकून उठतात. हा प्रश्न त्याला कुठं मिळाला? त्या टेबलावर. तेच आज सांगायचंय.

तेव्हा सन्मतीचं वय सव्वीस. पुण्यातली नोकरी सोडून गावी परतलेला. दुसऱ्या खुर्चीवर त्याचा शाळेपासूनचा मित्र इरफान मोमीन. कारखाना इरफानच्या अब्बांचा, माग चार. त्यातला एक माग अब्बांनी या दोघांच्या प्रयोगासाठी वेगळा ठेवलेला. घर चालायचं ते उरलेल्या तीन मागांवर, हे लक्षात ठेवा.

यांचं यंत्र काय करायचं? कापडातले दोष शोधायचं. धागा तुटला, गाठ पडली, तेलाचा डाग लागला, की कॅमेऱ्याला दिसणार आणि पडद्यावर लाल चौकोन उमटणार. पण यंत्राला दोष म्हणजे काय हे कळणार कसं? लहान पोराला आपण गाय दाखवतो. ही गाय, ही पण गाय. दहा गायी बघितल्या की अकरावी ते स्वतः ओळखतं. तसंच यंत्राला हजारो फोटो दाखवायचे. हा दोष, हा पण दोष.

फोटो आले कुठून? कारखान्यात अक्कूबाई कांबळे कापड तपासायच्या. तागा उलगडायचा, नजर फिरवायची, दोष दिसला की निळ्या खडूनं त्याच्याभोवती गोल करायचा. पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत. सन्मतीनं त्या गोलांचे फोटो काढले, यंत्राला शिकवले. आणि यंत्र हुशार निघालं! बारा तुकडे समोर ठेवा, एकही दोष सुटेना.

मुंबईहून कर्णिक मॅडम येणार होत्या. गुंतवणूकदार. यंत्र पाहायचं आणि सही करायची, एवढंच राहिलेलं. सही झाली की दोन वर्षांची चिंता मिटली. नाही झाली, तर सन्मती परत पुण्याला आणि चौथा माग परत साड्यांना.

आदल्या संध्याकाळी काय झालं? आपल्याकडे पाहुणे यायचे म्हटल्यावर काय करतात? झाडलोट! इरफाननं टेबल पुसलं, दिवे पुसले. मग त्याची नजर तुकड्यांवर गेली.

"हे निळं-निळं काय ध्यान दिसतंय? मुंबईची माणसं येणार, भावा." त्यानं ओलं फडकं घेतलं आणि एक तुकडा स्वच्छ पुसून काढला.

सन्मतीनं सहज तो तुकडा कॅमेऱ्याखाली सरकवला. पडदा कोरा.

दिवा नीट केला. पडदा कोरा. गाठ तर डोळ्यांना दिसत होती, हरभऱ्याएवढी! यंत्राला दिसेना. सन्मतीनं खिशातला खडू काढला आणि जिथं काहीच नव्हतं अशा चांगल्या कापडावर एक गोल काढला. पडद्यावर लगेच लाल चौकोन.

मंडळी, कळलं का? यंत्र गाठ बघतच नव्हतं. ते खडू बघत होतं. पोराला दहा गायी दाखवल्या, दहाही गायींच्या गळ्यात घंटा. पोरगं घंटेला गाय म्हणायला शिकलं.

इरफान खाली बसला.  मग म्हणाला, "उरलेले अकरा पुसू नको."

"म्हणजे?"

"उद्या तेच दाखवू. यंत्र दोषावर बोट ठेवतंय का? ठेवतंय. यात खोटं काय? सही होऊ दे, मग दुरुस्त करू."

"आणि नाहीच झालं दुरुस्त तर?"

"तर तेव्हा बघू. माझ्या अब्बानं माग दिलाय लेका, तुझं भाषण ऐकायला नाही."

थांबा इथं. इरफान वाईट माणूस नाही हं. त्याच्या बोलण्यात एकही अक्षर खोटं नाही, आणि म्हणूनच ते अवघड. उघड खोटं सोडायला सोपं असतं. अर्धं खरं हातातून सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, बरोबर एक सहकारी. अकरा तुकडे झाले. लाल चौकोन उमटत गेले. सहकाऱ्यानं टाळी वाजवली. मॅडमनी पेन काढलं. सन्मतीनं इरफानकडे पाहिलं. इरफान मान खाली घालून बसला होता. त्यानं हो म्हटलं नाही, पण ओलं फडकं टेबलावरून सन्मतीकडे सरकवलं.

सन्मतीनं तोच अकरावा तुकडा सगळ्यांसमोर पुसला आणि परत ठेवला. पडदा कोरा.

सहकारी हसला. "म्हणजे खडू ओळखणारं यंत्र बघायला आम्ही एवढ्या लांब आलो?"

मॅडम हसल्या नाहीत. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल संध्याकाळी."

"मग ती अकरा कापडं आधी का दाखवलीत?"

सन्मतीनं फडकं खाली ठेवलं. "धीर होत नव्हता, मॅडम."

त्यांनी पेन पर्समध्ये ठेवलं. "सही आज होणार नाही. कोऱ्या कापडावर काही दिसलं तर फोन करा. सगळं दिसायला हवं असं नाही. जेवढं दिसेल तेवढंच सांगा."

गाडी गेली. बक्षीस नाही, फुलं नाहीत. खरं बोललं की लगेच आकाशातून काही पडतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. आठवडाभर इरफान बोलला नाही. आठव्या दिवशी टेबलापाशी आला आणि म्हणाला, "अब्बा विचारतायत, माग रिकामा का ठेवलाय?" तेवढंच बोलून खुर्चीवर बसला. कामाला लागला.

अडचण कुठली? दोष कुठं आहे हे अक्कूबाईंना कळतं, पण सांगतात त्या खडूनं. सन्मती म्हणाला, "मावशी, काही दिवस खडू नका लावू."

"आणि मी डोक्यात ठेवू होय रे सगळं? घरी जाऊन भाजीत मीठ घातलं का नाही ते आठवत नाही मला."

खरंच की! मग सन्मतीनं काय केलं? खडू काढला नाही, फोटो वाढवला. आधी कोऱ्या कापडाचा फोटो. मग अक्कूबाईंनी गोल करायचा. मग त्याच जागेचा दुसरा फोटो. कुठं बघायचं हे दुसऱ्या फोटोतून घ्यायचं, पण यंत्राला दाखवायचा पहिलाच. जो खडू आडवा आला होता, तोच वाट दाखवायला लागला. हे करायला सगळा पावसाळा गेला. चौथा माग चालू राहिला. तिघांनीही कुरकुर केली, आणि चौथे अब्बा, त्यांनी सगळ्यात जास्त.

दिवाळी झाल्यावर फोन गेला. मॅडम आल्या, या वेळी एकट्याच. मागावरून नुकताच उतरलेला तागा, खडू न लागलेला. आधी यंत्र बघणार, मग अक्कूबाई तपासणार, मग दोन्ही ताडून बघायचं. इरफाननं बटण दाबलं. तागा सरकायला लागला.

तो सरकतोय तोवर मी तुमच्याकडे वळतो. आपण रोज काय बघतो हो? गाठ बघतो की खडू? पोराचे मार्क बघतो, पोरगं बघतो का? जावई बघायला जातो तेव्हा दारातली गाडी मोजतो. माझंच घ्या. खांद्यावर उपरणं आहे म्हणून तुम्ही शांत बसलात. उपरणं काढून माझं बोलणं तपासा, आणि पोकळ वाटलं तर मला येऊन सांगा. दुसऱ्याच्या कापडावरचा खडू पुसायला सगळे हौसेनं पुढं येतात. फडकं ओलं करून स्वतःचा तुकडा पुसायला कोण बसतं? आज घरी गेल्यावर एकच तुकडा पुसा. जास्त नको.

तिकडे तागा संपला. अक्कूबाईंनी खडू खाली ठेवला. त्यांना सापडलेले दोष एकेचाळीस. त्यांतले यंत्राला दिसलेले सव्वीस. मॅडमनी पेन काढलं, आणि सहीआधी एकच विचारलं, "उरलेल्या पंधरांत यंत्र कुठं चुकलं, ते सांगा."